माइनक्राफ्ट: नवीन पोराने बांधलेल्या राजवाड्यावर फीडबॅक कसा द्यावा?

कोपऱ्यातला_दिवा

मंडळी, धागा गेमिंगचा आहे पण गेम न खेळणाऱ्यांनीही वाचा, कारण प्रश्न अर्धा गेमचा आणि अर्धा माणसांचा आहे.

आम्ही सहाजण मिळून माइनक्राफ्टमध्ये (ठोकळे, म्हणजे ब्लॉक, रचून जग बांधायचा गेम) एक मॅप, म्हणजे इतरांना खेळायला एक जग, करतोय. हौसेचं काम, पैसे कुणालाच नाहीत, शनिवार-रविवारच्या रात्री. थंड प्रदेश, समुद्रात घुसलेला कडा, कड्यावर जुनं शहर, पायथ्याशी मासेमारांची वस्ती, खाणीत बुटके लोक वगैरे. खेळणारा बोटीने बंदरात उतरतो आणि कोडी सोडवत वर राजवाड्यापर्यंत जातो. बंदर झालं, वस्ती झाली, खाण झाली. राजवाडा आम्ही नव्याने आलेल्या एका मुलाला दिला. अकरावीत आहे, उत्साह दांडगा, क्लास संपला की थेट ऑनलाइन. तीन आठवडे खपून त्याने राजवाडा उभा केला आणि परवा ग्रुपवर टाकला, खाली लिहिलंय "कसा वाटला सांगा, काहीही सांगा".

आता वर्णन ऐका. ७० बाय ७० ब्लॉकचा चौकोन. चार कोपऱ्यांत चार मनोरे, चारही जुळे. भिंत म्हणजे स्टोन ब्रिकची एक सपाट चादर, दर पाच ब्लॉकवर खिडकी, सगळीकडे तीच. छप्पर सपाट. आत प्रत्येक खोलीला बारा ब्लॉक उंचीचं छत, मुदपाकखान्यालासुद्धा. मुख्य दरवाजा दोन ब्लॉक रुंद तीन उंच आणि त्याच्या बरोब्बर समोर, सरळ रेषेत, सिंहासन. चिमणी नाही, विहीर नाही, घोडे कुठे बांधायचे माहीत नाही.

मी फीडबॅक लिहायला बसलो आणि तेवीस मुद्दे झाले. पाठवले नाहीत. पाठवले तर पोरगं परत येणार नाही अशी भीती वाटते आणि नाही पाठवले तर मॅपची शेवटची जागाच सगळ्यात फिकी राहणार. तुम्ही काय केलं असतं?

---

टंगळमंगळ

पहिला मी!
तेवीस मुद्दे म्हणजे फीडबॅक नव्हे, आरोपपत्र झालं.

---

ठोकळेबाज

स्क्रीनशॉट टाका राव, नुसत्या वर्णनावर काय बोलणार. तरी वर्णनावरून रोग कळतोय. भिंतीला खोली (डेप्थ) नाही. नवीन सगळ्यांचं हेच होतं, माझ्या पहिल्या किल्ल्याला मित्र पापड म्हणायचे. उपाय सोपा आहे, खिडक्या एक ब्लॉक आत ढकल, दर सहा-सात ब्लॉकवर एक धिरा बाहेर काढ, खिडकीखाली पायरीचा ब्लॉक उलटा लाव म्हणजे सावली पडते. खालचे चार-पाच थर रुंद करून जोतं दाखव, तिथे कॉबलस्टोन आणि थोडा शेवाळलेला, वर जाताना स्टोन ब्रिक, मधे मधे अँडेसाइट आणि टफ, म्हणजे गेममधलेच वेगळ्या छटेचे दगड. पण मिसळताना भेळ करू नकोस. जिथे पाणी ओघळतं तिथे शेवाळ, जिथे लोक चालतात तिथे झिजलेला दगड, कारण पाहिजे.

---

चुनखडी

मी गेम खेळत नाही पण इमारती काढायच्या हे पोटापाण्याचं काम आहे, म्हणून लिहिते.

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षात आमची ज्युरी असायची. तीन रात्री जागून काढलेली शीट भिंतीला लावायची, बाजूला उभं राहायचं, आणि बाहेरून आलेले तिघं ती बघायचे. कॉलेज कुठलं ते जाऊ दे. त्यातल्या एका गृहस्थांनी माझ्या प्लॅनवर लाल मार्करने आडवी फुली मारली आणि पुढच्या शीटकडे गेले. फुली. एक शब्द नाही. आज एवढ्या वर्षांनी मला त्या मार्करचा वास आठवतो पण प्लॅनमध्ये काय चुकलं होतं ते अजून कळलेलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या एक मॅडम आल्या, शीटसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ह्या घरातली बाई सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कुठे जाते? मी म्हटलं, स्वयंपाकघरात. म्हणाल्या, बोटाने जाऊन दाखव. मी बोट फिरवलं तर ते हॉलमधून, जिन्याला वळसा घालून, पाहुण्यांच्या खोलीवरून गेलं. मी स्वतःच म्हटलं, अगंबाई. त्या काहीच बोलल्या नाहीत, पेन्सिल माझ्या हातात दिली.

तर दिवा, तुमचे तेवीस मुद्दे राहू द्यात. त्याला विचारा, राजाला रात्री तहान लागली तर पाणी कोण आणतं आणि कुठल्या वाटेने? घोडे, चिमणी, विहीर, बारा ब्लॉकचा मुदपाकखाना, सगळं त्या एका प्रश्नात येतं.

---

रानभूल

चुनखडीताई, दंडवत घ्या __/\__

पाण्यावरून आठवलं. किल्ल्यावर पहिला प्रश्न पाण्याचाच. आपल्या गडांवर टाकी खोदायची आणि त्यातून निघालेला दगड तटाला वापरायचा, एका कामात दोन कामं. तुमच्या मॅपमध्ये तर हे फुकटात जमतं, कड्यात मोठं टाकं खोदा, वाड्याला लागलेला दगड इथूनच निघाला असं न सांगता दिसेल.

आणि तो सरळ दरवाजा!! सिंहासन दारातून दिसतंय म्हणजे बाण पण दारातूनच लागणार. रायगडाचा महादरवाजा बघा, दोन दणकट बुरुजांच्या बेचक्यात लपलाय, अगदी जवळ जाईपर्यंत दार नक्की कुठंय ते कळत नाही. ह्याला गोमुखी बांधणी म्हणतात. वाट वळत जाते, हत्तीला धावत येऊन धडक मारायला सरळ जागाच मिळत नाही, आणि वळणावर तुमची बाजू वरच्या तटावरच्या माणसाला उघडी पडते. गेममध्ये तर हे सोन्याहून पिवळं, खेळणारा वळतो, पुढचं दिसत नाही, छाती धडधडते, मग एकदम दार. राजगडाच्या संजीवनी माचीवरची दुहेरी तटबंदी कधी उभं राहून बघितली आहे का, दोन भिंतींच्या मधल्या बोळात उतरलं की वरचं आकाश पट्टीएवढं दिसतं आणि वाटतं

(लिहिता लिहिता ट्रेकचा धागा होईल, थांबतो.)

---

वांगीभात

माफ करा पण मला हे पटत नाही. मॅप फँटसीचा आहे ना? बुटके खाणीत राहतात, वर बहुतेक ड्रॅगन पण असेल, आणि आपण विचारतोय धूर कुठून जातो? पोराने जे डोळ्यासमोर आलं ते बांधलं. जे तो बांधू शकतो ते त्याला बांधू द्या की. उद्या सोसायटीच्या मीटिंगसारखं विचाराल, पार्किंग कुठे आहे.

---

टंगळमंगळ

पार्किंग बेसमेंटला, ड्रॅगनचं व्हिजिटर्समध्ये.
आणि ईशान्येला देवघर आहे का तेवढं बघा.

---

सातवा_मजला

@वांगीभात, ड्रॅगन आहे हाच तर मुद्दा आहे. ड्रॅगन असलेल्या गावात छप्पर गवताचं नसणार, गच्चीवर काहीतरी अवजड बाण फेकायचं यंत्र असणार, लहान पोरांना खेळायला उघडा चौक नसणार. अद्भुत गोष्ट एकदा मान्य केली की बाकीचं जग तिच्याप्रमाणे वागलं पाहिजे.

ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे मॉरोविंड, २००२ चा गेम. त्यात तेलवानी नावाचे जादूगार सरदार अवाढव्य अळंब्यांसारख्या मनोऱ्यांत राहतात आणि वर मालकाकडे जायला जिनाच नाही. नुसती उभी पोकळी. हवेत तरंगायचा मंत्र येत असेल तर या, नसेल येत तर तुम्ही त्यांच्या लेखी भेटायच्या लायकीचेच नाही. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा दहा मिनिटं जिना शोधत होतो, मग कळलं की हा अपमान आहे. एक शब्द न बोलता इमारतीने सांगितलं. जिना नसणं ही चूक पण असू शकते आणि हेच सगळ्यात चांगलं डिझाइन पण असू शकतं, फरक इतकाच की बांधणाऱ्याला माहीत होतं का.

त्याच गेमवर तामरिएल रीबिल्ट म्हणून चाहत्यांचा प्रकल्प आहे, मूळ गेममध्ये फक्त बेट होतं, हे लोक मॉरोविंडची मुख्य भूमी बांधतायत, वीस वर्षांच्या वर झाली, अजून चालू आहे. तिथे नवीन माणसाने आधी एक नमुना खोली करून दाखवायची, ती जाणते तपासतात, मग एखाद्या घराचं आतलं काम नावावर मिळतं आणि ते झालं की तेही कुणीतरी तपासतं. म्हणजे फीडबॅक हा कामाचाच भाग, कुणाला त्यात अपमान वाटत नाही. तुम्ही अकरावीतल्या पोराला थेट राजवाडा दिलात, तिथे माझा पहिला आक्षेप आहे. आधी एक झोपडी द्यायची.

---

कोपऱ्यातला_दिवा

@सातवा_मजला, मान्य, चूक माझी. बाकीचे परीक्षांमुळे गळाले होते आणि हा एकटाच हात वर करून उभा होता.

@ठोकळेबाज, स्क्रीनशॉट टाकत नाही, त्याला न विचारता त्याचं काम चव्हाट्यावर आणल्यासारखं होईल. @वांगीभात, ड्रॅगन नाहीये. एक म्हातारा राजा आहे आणि तो झोपलाय.

---

आईचा_आयडी

मी ह्या विषयात ढ. पण माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, तोही हेच ठोकळे लावतो. मागच्या मे महिन्यात त्याने आमचं घर बांधलं होतं, मला बोलावून दाखवलं. ओटा, गॅस, मांडणीवरची भांडी म्हणून लोखंडी झाकणं लावलेली, फ्रीजवर चुंबक म्हणून बटण. मला इतकं कौतुक वाटलं आणि मी काय बोलले तर "अरे खिडकी वाकडी झालीय". आणि हसले. दुसऱ्या दिवशी बघते तर घर भुईसपाट. म्हटलं, अरे फक्त खिडकीच म्हटलं होतं ना मी! तर म्हणाला, तू हसलीस.

तेव्हा काय सांगता त्यापेक्षा... असो, तुम्ही सगळे हुशार आहात.

---

परदेशी_पोळी

आईचा_आयडी, खिडकीचं वाचून घशात आलं काहीतरी.

मी जर्मनीत राहते, त्या "थंड प्रदेश" वर थोडं लिहू का? रानभूल ह्यांनी सांगितलेलं सगळं झकास आहे पण सह्याद्रीतलं आहे. तिथे पाऊस, इथे बर्फ. सपाट छप्पर म्हणजे जानेवारीत छतावर काही टन ओझं. म्हणून इथली जुनी छपरं तीव्र उताराची. पण मग बर्फ घसरून खाली रस्त्यावर कोसळतो, म्हणून छपराच्या कडेला लोखंडी जाळ्या किंवा आकडे लावतात, आमच्या बिल्डिंगवर पण आहेत. तुमच्या गेममध्ये एखादी कुंपणाची रांग छपराच्या कडेला लावा, कुणाला कळणार नाही पण मला कळेल :-)

गावातल्या घरांची गंमत अशी की लाकडी चौकट आणि मधे माती भरलेली, आणि वरचा मजला खालच्यापेक्षा एक हात पुढे आलेला. वर जागा जास्त मिळते आणि खालची भिंत पावसात कमी भिजते. गल्ली वर जाऊन इतकी अरुंद होते की समोरासमोरच्या दोन म्हाताऱ्या खिडकीतून हात मिळवतील. हे ब्लॉकमध्ये फार सुंदर दिसेल असं वाटतं.

आणि वांगीभात, तुमच्या बाजूने एक पुरावा देते. जगात सगळ्यांना "परीकथेतला किल्ला" म्हटल्यावर जो डोळ्यासमोर येतो ना, तो बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन. बांधकाम सुरू झालं १८६९ मध्ये. दुसऱ्या लुडविग राजाने त्याची कल्पनाचित्रं कुणाकडून काढून घेतली असतील? नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या ख्रिस्टियान यांककडून! लढाईशी काही संबंध नाही, आत गरम हवेने खोल्या तापवायची सोय, वाहतं पाणी, पोलादाचा वापर, आणि बाहेरून सगळा मध्ययुगाचा देखावा. राजा १८८६ मध्ये गेला तेव्हा आतलं बरंचसं अर्धवटच होतं. म्हणजे आपण ज्याला अस्सल समजून नक्कल करतो तोच मुळात फॅन-मेड आहे.

---

वांगीभात

पोळीताई, साष्टांग. हेच मला म्हणायचं होतं फक्त मला येत नव्हतं.

---

चुनखडी

पण ताई, नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते, प्रेक्षक कुठे बसलाय. नॉयश्वानस्टाइनचे मनोरे जुळे नाहीत, उंचीला कमीजास्त आहेत, दरीच्या बाजूने बघितलं की आकाशावर एक रेघ उमटते. ह्या मुलाचे चार मनोरे सारखे आहेत म्हणजे कुठूनही बघा, तेच. एक उंच करून तीन बसके केले तरी बोटीतून येणाऱ्याला "तो तिथे जायचंय" असं कळेल. अवास्तव बांधायला माझी ना नाही. कंटाळवाणं बांधायला आहे.

---

गुळपोळी७७

मनोऱ्यांचं निघालंच आहे तर, गोल जिना कायम घड्याळाच्या दिशेने वर जाणारा करा. वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहतो आणि खालून येणाऱ्याचा अडतो.

---

रानभूल

हे सगळीकडे सांगतात पण अभ्यासकांना ते तितकंसं मान्य नाही, उलट दिशेचे जिने पण युरोपातल्या किल्ल्यांत भरपूर आहेत. शत्रू जिन्यापर्यंत आला म्हणजे तसंही संपलंच की.

---

गुळपोळी७७

डावखुरे सरदार असतील.

---

टंगळमंगळ

धागा जिन्यावरून घसरला. कुणीतरी कठडा लावा.

---

ठोकळेबाज

बारा ब्लॉकच्या छताबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर, खेळाडू १.८ ब्लॉक उंच, डोळे १.६२ वर. कागदावर तीन ब्लॉकचं छत पुरतं, पण स्क्रीनवर तीन म्हणजे डोकं आपटेल असं वाटतं, म्हणून घराला चार, वाड्याला पाच-सहा. बोळ एकाचा ठेवला तर चालताना भिंतीला नाक घासल्यासारखं होतं, तीन पाहिजे. म्हणजे खऱ्या मापापेक्षा थोडं मोठं करणं बरोबरच आहे. दरबाराला बारा कर, अजून वाढव, अठरा कर! पण मग त्याच्या आधीची खोली चारची पाहिजे. बुटक्या खोलीतून मोठ्या खोलीत शिरल्यावर जे होतं ते बारातून बारात शिरून होत नाही.

दाराचा प्रॉब्लेम मात्र खरा आहे. गेममधलं दार एक बाय दोनचं, दोन शेजारी लावली की दोन बाय दोन, त्याहून मोठं उघडणारं दार हवं तर पिस्टन (ब्लॉक सरकवणारं यंत्र) लावा, आणि ते दर वेळी अडकतं. त्यामुळे एवढ्या भिंतीला टीचभर दार हा त्याचा एकट्याचा दोष नाही, सगळ्यांचंच तसं होतं.

---

चुनखडी

दिंडी!

अहो, वाड्याचा मोठा दरवाजा रोज कोण उघडतं? कुणीच नाही. त्याच्याच एका फळीत छोटं दार असतं, दिंडी दरवाजा, वाकून आत जायचं. वाकावं लागतं हेही मुद्दाम, वाकलेला माणूस हल्ला काय करणार. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा, हत्तीने डोकं लावू नये म्हणून भले मोठे खिळे ठोकलेले, आणि येणंजाणं दिंडीतून. तर आठ-दहा ब्लॉकचा दरवाजा न उघडणाराच करा आणि त्यात तुमचं ते एक बाय दोनचं बसवा. गेममध्ये जमतं का असं?

---

ठोकळेबाज

जमतं का म्हणजे!! ताई तुम्ही खेळत नाही ह्यावर माझा विश्वास नाही. डार्क ओकच्या फळ्या, आणि खिळ्यांना काळ्या दगडाची बटणं लावायची, लांबून हुबेहूब दिसतील. इतकी वर्षं पिस्टनशी झटापट करतोय मी आणि उत्तर पुण्यात उभं होतं.

---

रानभूल

शनिवारवाड्यात गेलात तर फक्त जोतीच उरलीत, १८२८ च्या आगीत आतलं लाकडी सगळं गेलं. पण जोत्यांवरून चालताना इथे चौक, इथे कारंजं असं लावत जाता येतं. मला वाटतं मॅप करणाऱ्याने तिथे तासभर फिरावं. नुसत्या जोत्यावरून खोल्या कळतात का ते बघायचं. ह्या मुलाचा राजवाडा जोत्यापर्यंत कापला तर काय कळेल? चौकोन.

---

सातवा_मजला

मूळ प्रश्नाकडे येऊ का जरा. फीडबॅक देणं हे माझं रोजचं काम आहे, दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचतो. गोड बोला-मग कडू बोला-मग परत गोड बोला, हे सँडविच करू नका. आजकालच्या मुलांना पहिल्या "खूप छान!" लाच कळतं की आता येतंय, आणि मग खरं कौतुक पण खोटं वाटायला लागतं.

मी माझ्या शेऱ्यांवर खूण करतो. ह्याने काम अडतं, हे आपल्या ठरलेल्या नियमात बसत नाही, आणि हे फक्त मला आवडत नाही. तिसऱ्या प्रकारचं लिहायचंच असेल तर तसं उघड लिहायचं, "माझी आवड, सोडून दिलंस तरी चालेल". दिवा, तुमचे तेवीस ह्या तीन टोपल्यांत टाकून बघा आणि आकडा इथे सांगा. प्रामाणिकपणे हं.

---

कोपऱ्यातला_दिवा

टाकले. जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो होतो.

काम अडतं: चार. पूर्वेच्या दालनातून वर जायला वाटच नाही, दरबारात कोपरे इतके काळोखे आहेत की झोंबी उगवतात (गेमच्या १.१८ आवृत्तीपासून प्रकाश शून्य असेल तरच उगवतात, म्हणजे तिथे शून्य आहे), मागच्या भिंतीवरून उडी मारून सगळी कोडी टाळता येतात, आणि सजावटीच्या पुतळ्यांमुळे माझा जुना लॅपटॉप रडतो.
नियमात बसत नाही: सहा. छप्पर, पाणी, चूल वगैरे.
मला आवडत नाही: तेरा.

तेरा!! बायकोला दाखवलं, ती म्हणाली माझ्या डब्याबद्दल पण असंच काहीतरी प्रमाण असेल.

---

टंगळमंगळ

वहिनींना ह्या फोरमवर आणा, आयडी मी काढून देतो.

---

गुळपोळी७७

पुतळे म्हणजे आर्मर स्टँड (चिलखत अडकवायचे सांगाडे) असतील ना, ते कमी कर आणि भिंतीवरच्या चौकटीत वस्तू लावल्या असशील तर त्याही. हजारो ब्लॉक चालतात पण ही पिल्लावळ चालत नाही. प्रकाशासाठी गालिच्याखाली दिवा लपव, कुणाला दिसत नाही.

---

परदेशी_पोळी

मग बोललात का त्याच्याशी? आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

कोपऱ्यातला_दिवा

काल रात्री बोललो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

लिहून काहीच पाठवलं नाही. म्हटलं व्हॉइसवर ये आणि मला राजवाडा फिरवून दाखव, मी राजाचा नोकर, तू सांगशील तिथे जातो. राजाला तहान लागलीय. तो हसला आणि चला म्हणाला. आम्ही निघालो. सिंहासनापासून मुदपाकखान्यापर्यंत धावत जायला आम्हाला इतका वेळ लागला की अर्ध्या वाटेत तोच म्हणाला, "दादा, राजा मेला असेल." मग स्वतःच, मी काही न बोलता, "इथे टाकं पाहिजे ना?" मी म्हटलं कुठे? त्याने दरबाराच्या मागे खोदायला सुरुवात पण केली. चुनखडीताई, तुमच्या मॅडमना नमस्कार सांगा.

भिंतींचं विचारलं तर कळलं की त्याने एक तुकडा बांधला आणि वर्ल्डएडिटने (बांधकाम कॉपी-पेस्ट करायचं टूल) तो नुसता पुढे पुढे चिकटवत नेला. म्हणजे तीन आठवड्यांतला एक दिवस भिंतींचा, बाकीचे दिवस कुठे गेले मला कळेना. तर तो म्हणाला खाली या. मुदपाकखान्यामागे एक दार होतं जे मी आधी बघितलंच नव्हतं. आत पहारेकऱ्याची खोली. तीन बाय चार. छत तीनचं, लाकडी तुळया, एक तुळई मोडकी आणि तिला खालून टेकू दिलेला. पलंग भिंतीपासून एक ब्लॉक सुटा, कारण भिंत ओली आहे, भिंतीला शेवाळ. खिडकीतून बरोब्बर बंदर दिसतं, आपल्या बोटी दिसतात. पेटी, पेटीत एक बटाटा. आणि एक मांजर.

मी पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो. मग म्हटलं, अरे ही खोली ज्याने बांधली त्याच्याकडून मला सगळा राजवाडा पाहिजे. तो म्हणाला, "पण हे छोटं होतं म्हणून जमलं." तर ठरलं असं की आता राजवाडा एवढा मोठा ठेवायचाच नाही, चाळीस बाय चाळीसचा, बाकीची जागा पडकी, जोती उरलेली (रानभूल, ही तुमची). म्हाताऱ्या राजाचं घर आक्रसत आलंय. छप्पर उतरतं करायला तो आनंदाने तयार झाला, बर्फाच्या जाळीवर तर खूशच झाला. दिंडी दरवाजा आधीच बांधून मोकळा.

चार अडचणी त्याला सरळ सांगितल्या, त्याला काहीच वाटलं नाही. तेरांपैकी एकही सांगितला नाही.

दरवाजा वळवायला मात्र त्याने साफ नकार दिला. म्हणाला, दारातून सिंहासन दिसलंच पाहिजे, खेळणारा दिंडीतून वाकून आत आला आणि मान वर केली की लांबवर राजा दिसतो, तेवढ्यासाठीच सगळं बांधलं.

---

रानभूल

म्हणजे बाण लागणार.

---

वांगीभात

लागू दे ना! राजा झोपलाय, त्याला काय कळतंय. पोराने एक तरी गोष्ट धरून ठेवली ह्याचा मला फार आनंद झाला.

---

रानभूल

दरवाजाच्या बाहेर तरी एक वळण घ्या हो, बुरूज मी स्वतः येऊन बांधून देतो, मुलाकडून माइनक्राफ्ट शिकून घेतोय कालपासून. पायरीचा ब्लॉक उलटा कसा लावायचा ते कुणी सांगेल का, माझा दर वेळी सुलटाच लागतो.

---

ठोकळेबाज

काका, शेजारच्या ब्लॉकच्या वरच्या अर्ध्या भागावर नेम धरा मग क्लिक करा. किंवा वरच्या ब्लॉकच्या पोटाला लावा.

---

आईचा_आयडी

पहारेकऱ्याची खोली मुलाला वाचून दाखवली. तो विचारतोय मांजराचं नाव काय.

---

कोपऱ्यातला_दिवा

नाव बटाटा.

आणि त्यावरूनच नवीन अडचण, त्यासाठीच परत आलो. सगळ्यांना ती खोली इतकी आवडली की शेवटच्या कोड्याची किल्ली त्या पेटीतच ठेवायची ठरली. आज टेस्टिंगला बसलो तर मांजर जाऊन पेटीवर बसलं. ह्या गेममध्ये मांजर बसलेलं असेल तर पेटी उघडत नाही, आणि मांजर त्याने माणसाळवलेलं असल्यामुळे माझं काही ऐकत नाही. पाऊण तास मी मासा हातात धरून उभा होतो. मांजर काढायचं नाही असं त्याचं म्हणणं आहे आणि ह्या वेळी मीही त्याच्याच बाजूने आहे.

---

ठोकळेबाज

पेटी काढ, पिंप ठेव. पिंपावर काहीही बसलं तरी ते उघडतं.

---

टंगळमंगळ

बटाट्याला विचारून घ्या आधी.